आई, तुझी मालिका का बंद झाली

बर्मिंगहॅम,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. आई व ती. अप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आधी तेच लिहिते, कारण पाकीट फोडलं की अप्पा पहिल्यांदा शेवटची ओळ बघतात आणि मगच चष्मा पुसून वरून वाचायला घेतात. थंडी आहे, पण घर गरम असतं. रात्रपाळीहून येताना बस दारापर्यंत येते. ऑगस्टमधल्या दंगलींचं तुम्ही टीव्हीवर जे पाहिलंत तसलं आमच्या गल्लीत काही झालं नाही, झालं असतं तर मी लपवलं नसतं. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी थापते. वजन कमी झालंय असं आईला दिसतं ते फोनच्या कॅमेऱ्यामुळं.

आई, परवा तुझी आठची मालिका बंद झाल्याचं सांगताना तू म्हणालीस, "सहा महिने बघितलं की गं, आणि त्या पोरीच्या आईला इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं तेच सांगितलं नाही." आणि लगेच विचारलंस, "पाणी यायच्या दिवशी माझं बघायचं राहायचं, म्हणून तर बंद केली नसतील?" मागं बापू हसला. मला हसू आलं नाही. ड्यूटीवर गेले तरी तेच डोक्यात होतं. फोनवर एवढं सांगता येत नाही, आवाज तुटतो, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या काकू दुपारी आल्या की त्यांनाही वाचून दाखव.

तुझ्यामुळं काही झालेलं नाही. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो, तो सोडून कोण टीव्हीपुढं बसेल? आणि तू बसली असतीस तरी ते कुठं कळलं नसतं. बघणाऱ्यांची मोजणी बार्क नावाची संस्था करते, २०१५ पासून. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर, आणि मीटर बसवलेली घरं पन्नास-साठ हजार. कुणाकडं मीटर आहे ते गुप्त ठेवतात. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला आपापलं बटण दिलेलं असतं, म्हणजे सासू बघतेय की सून तेही समजतं. त्या घरांवरून सगळ्या देशाचा अंदाज बांधायचा. शिजलेल्या भाताचं एक शीत दाबून बघावं तसं. तू, मावशी आणि काकू रोज आठला बसत होता, पदरानं डोळे पुसत होता, त्याची नोंद कुणाकडंच नाही. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय.

त्या आकड्यांवर जाहिरातीचा भाव ठरतो, दहा-दहा सेकंदांचा. मालिकेचा खर्च मात्र रोजचा आहे: सेट, दिवे, नट, लिहिणारे, जेवणाचे डबे. आकडा पडला की भाव पडतो, खर्च तेवढाच राहतो. मग त्या वेळेवर दुसरी मालिका आणायची ठरते. तूच म्हणाली होतीस ना, मालिका चालू असतानाच आठ वाजताच्या नव्या मालिकेची जाहिरात सुरू झाली होती? ती सुरू झाली तेव्हाच तुझ्या मालिकेचं ठरलेलं असणार. मग लिहिणाऱ्यांच्या हातात थोडे भाग राहतात आणि त्यात सगळ्या गाठी सोडवायच्या. म्हणून वर्षानुवर्षं हरवलेली आई दारात येऊन उभी राहते, जाऊ पाया पडते आणि सगळे फोटोला उभे राहतात.

उलटंही होतं आणि तेही मला तितकंच चूक वाटतं. आकडा चांगला असेल तर गोष्ट संपूच देत नाहीत. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. मी शाळेत असताना लागलेली मालिका मी नर्सिंगला गेल्यावर संपली. अप्पा दूरदर्शनच्या तेरा-तेरा भागांच्या मालिकांबद्दल सांगतात, तेव्हा लिहिणाऱ्याला आपण कुठं थांबायचं ते पहिल्या दिवशी माहीत असायचं. आता चालू असेतोवर ताणायचं आणि पडली की कापायचं. शेवट गोष्टीच्या पोटातून येतच नाही.

बार्कचे हे आकडे दर गुरुवारी येतात. आता मार्गशीर्ष लागलाय, पहिला गुरुवार झालासुद्धा. तू घट मांडून पोथी वाचली असशील. लहानपणी मी आणि बापू मधेच उठायला लागलो की तू हाताला धरून बसवायचीस, कहाणी अर्धी टाकून उठू नये म्हणायचीस. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, शामबाला, सगळं पाठ असूनही शेवटपर्यंत ऐकायचं. श्रावणातल्या कहाण्यांत तर साठा उत्तरांची पाचा उत्तरी केली तरी सुफळ संपूर्ण म्हणतात. तुझी मालिका पाचा उत्तरी केली, पण सुफळ झाली नाही. तुझी तक्रार रास्त आहे, बापूला सांग.

आता इथलं सांगते, म्हणजे तुला वाटणार नाही की हे आपल्याकडंच होतं. पण त्यासाठी आधी अप्पांना एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण मला स्वतःला ती समजायला वर्ष लागलं. इथं टीव्ही बघायला परवाना लागतो. केबलचे पैसे वेगळे, हा वेगळा. १९४६ पासूनची पद्धत आहे. यंदा, २०२४ मध्ये, वर्षाला १६९ पौंड ५० पेन्स होता, म्हणजे आपले अठरा हजार रुपये. तो घराला एक असतो, टीव्हीला एक नव्हे. टीव्ही नसेल आणि मोबाइलवर थेट चालू असलेला कार्यक्रम बघितला, तरी लागतो. बीबीसीच्या ॲपवर जुनं काही बघितलं तरी लागतो. युट्युबवरचे साधे व्हिडिओ बघायला लागत नाही. कृष्णधवल टीव्हीचा परवाना निराळा, २०२४ मध्ये ५७ पौंडांचा, आणि तो घेणारी माणसं अजून आहेत! अंध माणसाला निम्मे पैसे. पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, पण सरकारची एक ठरावीक मदत मिळत असेल तरच. परवाना नसेल तर दारावर तपासनीस येऊ शकतो आणि कोर्टात हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अप्पा, काळजी करू नका, आम्ही चौघींत मिळून घेतलाय, कागद फ्रिजवर लावलाय. आजोबा रेडिओचं लायसन भरायला पोस्टात जायचे म्हणता ना, तसंच समजा. फरक एवढाच की इथं ते अजून चालू आहे आणि लोक त्यावर तावातावानं भांडतात.

हे सगळं सांगितलं कारण बीबीसीवर इथं जाहिराती नसतात, ती या परवान्याच्या पैशांवर चालते. मला वाटायचं, जाहिरातच नाही तर मालिका कशाला बंद पडेल? पण पडली. 'डॉक्टर्स' नावाची दुपारची मालिका होती, २००० पासून चाललेली, साडेचार हजारांच्या आसपास भाग. चित्रीकरण आमच्याच शहरात, सेली ओक भागात व्हायचं. एका दवाखान्याची गोष्ट, रोज एक पेशंट, रोज एक अडचण. सरकारनं परवान्याची रक्कम दोन वर्षं १५९ पौंडांवर गोठवून ठेवली होती, मालिका करायचा खर्च वाढत गेला, चित्रीकरणाच्या जागेवर मोठा खर्च करायची वेळ आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी बंद करणार म्हणून सांगितलं आणि गेल्या महिन्यात १४ नोव्हेंबरला शेवटचा भाग दाखवला. पण आई, वर्षभर आधी सांगितलं. लिहिणाऱ्यांना माणसं एकेक करून नीट दाराबाहेर पोचवता आली.

आमच्या केअर होममध्ये जेवण झालं की सगळ्या आज्या-आजोबांच्या खुर्च्या त्यासाठीच टीव्हीकडं वळवायचो. शेवटच्या दिवशी खोलीत कुणी बोललं नाही. एक आजी आहेत, सगळं विसरतात, माझं नावही रोज नव्यानं विचारतात. त्या अजून त्या वेळेला खुर्ची वळवायला सांगतात. आम्ही ॲपवर जुना भाग लावतो. त्या म्हणतात, हा पाहिलाय मी, पण राहू दे. मी त्यांचा हात धरून बसते. त्यांचा हात तुझ्यासारखाच खरखरीत आहे.

याच आजींना चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र लख्ख आठवतं. इथं 'क्रॉसरोड्स' नावाची मालिका होती, १९६४ पासून, एका मोटेलची गोष्ट. तिच्यातली मालकीण म्हणजे नोएल गॉर्डन ही नटी. तिला १९८१ मध्ये काढून टाकलं. मोटेलला आग लागलेली दाखवली आणि लोकांना वाटलं बाई जळून गेली. मग पुढं ती मोठ्या जहाजावरून निघालेली दाखवली. आजी सांगतात, आम्ही सगळ्या बायका त्या दिवशी रडलो, पण जहाज बघून बरं वाटलं, ती कुठं गेली ते तरी कळलं. अगदी तुझंच वाक्य! त्या पोरीच्या आईला कुठं ठेवलं होतं, एवढंच तर तू विचारतेस.

अमेरिकेतली एक हकिकत काकूंना नक्की आवडेल. २००७ मध्ये 'जेरिको' नावाची मालिका मधेच बंद केली. शेवटच्या भागात नायकाच्या तोंडी एक शब्द होता, शेंगदाणे-बदाम अशा दाण्यांना तिकडं जो शब्द आहे तोच. तेवढ्यावरून बघणाऱ्यांनी वाहिनीच्या कचेरीत शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. वीस टनांच्या वर! वाहिनीनं आणखी सात भाग करू दिले. पुन्हा आकडे आले नाहीत आणि पुन्हा बंद झाली, पण या वेळी करणाऱ्यांनी दोन शेवट चित्रित करून ठेवले होते, चालू राहिली तर एक, बंद पडली तर दुसरा. मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो. ऐकणाऱ्याला मधेच सोडून जायचं नाही, एवढं त्यांनी पाळलं.

लोकांना रोज नवा धक्का हवा असतो, असं मालिका करणारे समजतात. मला तसं वाटत नाही. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, गड्ड्याला, काय होणार हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, त्यांनी आपल्या योगदंडाशी लावायला संमती दिली, ही गोष्ट आपण जन्मापासून ऐकतो. तरी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, त्या लग्नासाठी लाखो माणसं उन्हात हातात अक्षता घेऊन उभी राहतात, नंदीध्वज येईपर्यंत हलत नाहीत, आणि अक्षता पडल्या की घरी जातात. कुणी म्हणत नाही की यंदा शेवट वेगळा करा. रोजच्या वेळेला सोबत हवी आणि धरलेल्या अक्षता टाकायची वेळ यायला हवी. तुझ्या हातातल्या तशाच राहिल्या, म्हणून तुला चुटपूट लागली.

यंदाही मला गड्ड्याला येता येणार नाही. सलग तिसरं वर्ष. जानेवारीत इथं आजारपणं वाढतात, रजा देत नाहीत. आई, तू एकदा म्हणाली होतीस, परक्यांच्या म्हाताऱ्यांचं करतेस आणि आम्ही फोनवर. तू रागानं म्हणाली नव्हतीस, मला माहीत आहे. मी इथं चांगलं काम करते आणि माझ्या हाताला सगळे नावाजतात. पण अप्पा भिंतीला धरून चालतात हे मला बापूकडून कळावं, हे बरोबर नाही. मला सांगत जा.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार बापूच्या खात्यावर टाकलेत. मोतीबिंदू पिकू देऊ नका, आता तसं थांबत नाहीत. बँकेचा हप्ता मीच भरणार, त्यात अप्पांनी पेन्शन घालायची नाही. बापूच्या लग्नाची तारीख मेमध्येच धरा. दहा दिवस रजा मागितली आहे, अजून हो म्हटलेलं नाही, पण तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. हॉलचा ॲडव्हान्स किती ते कळवा.

आणि अक्कलकोटच्या स्थळाचं. त्यांना नाही म्हणून कळवा, चांगली माणसं आहेत, ताटकळत ठेवू नका. इथं कोल्हापूरचा एक मुलगा आहे, मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षं ओळख आहे. त्याच्या घरी माहीत आहे, आपल्या घरी मी आज सांगतेय, हे उलट झालं, ते माझ्याकडून चुकलं. अप्पा, तुम्ही रागवा, पण आधी त्याच्याशी एकदा बोला. तो मेमध्ये माझ्याबरोबर यायला तयार आहे.

चादर पाठवू नका, दोन आहेत. शेंगाची चटणी पाठवा, काकूंच्या हातची.

तुमची
थोरली

ता. क. आई, त्या पोरीच्या आईला कुठं ठेवलं असेल? तू आणि काकूंनी काही तरी ठरवलं असणारच. मला लिहून पाठव.