साडेसहाशे रुपयांचं पत्र

चिपळूण,
18 मे 2025

प्रिय बाळ्या,

शिव्या घालायच्याच आहेत, पण पत्र वाचून संपल्यावर घाल. मजकूर तेवढ्या लायकीचा आहे.

मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, त्या रात्री तुझा फोन आला होता. "आता तुझी म्हातारी एकटी पडली रे," म्हणजे माझी पद्मिनी. त्यानंतर फोन करायची पाळी माझी होती. केला नाही. कारण विचारू नकोस, सापडत नाही. तब्येत बरी आहे, शुगर होती तिथेच आहे, गोळी एकाची दीड झाली. बस्स.

गेल्या सोमवारी ताईचा फोन आला. त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधतायत आणि तोवर भाड्याच्या जागेत राहायचं. तिथे छताला कड्या नाहीत. "ज्यांनी आणलात त्यांनीच न्या," म्हणाली. म्हणजे तोच 97 साली आपण पोचवलेला झोपाळा, त्याच गाडीवरून, त्याच कुंभार्ली घाटातून, फक्त उलटा. मी "हो" म्हणून बसलो. आमची ही म्हणते, टेम्पो करा. टेम्पो काय कोणीही करतं.

माळ्यावरून टपावरचं कॅरिअर उतरवलं. पायांचे हुक गंजून एकमेकांत रुतलेले. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवले, तेव्हा कुठे तेरा नंबरचा पाना फिरला. पण हुक बसणार पन्हळीत, टपाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या खाचेत, आणि तिचा तर उकिरडाच झालेला. म्हणून तात्यांनी हौसेने बसवलेली ती चकचकीत पट्टी काढायला घेतली. मागच्या टोकाकडून लाकडी पाचर सरकवत गेलो, वीतभर एका वेळी. दोनदा वाकली, पण तुटली नाही. खाली काय निघालं म्हणतोस? आंब्याचा मोहोर, चिंचेचा पाला, लाल माती, मुंग्यांचं एक अख्खं गाव आणि सुंभाचा एक तुकडा. सुंभ आपलाच. तुझी गाठ अजून तशीच होती, सुटली नाही. गाठी तुला मारता यायच्या, तेवढं कबूल.

आता मुद्द्यावर येतो.

उजव्या पुढच्या दाराच्या वर, तू पान्याला नळीचा तुकडा लावून हुक आवळलास आणि पन्हळ आत दबली, ती जागा आधी घासली. सत्तावीस वर्षं मी कोणाकोणाला दाखवली असेल ती! पहिल्या पावसाळ्यानंतर गाडी गळायला लागली, ब्रेक मारला की माझ्या मानेवर धार, आणि मी म्हणायचो, बाळ्याच्या हातचा प्रसाद. डेंटिंगवाल्याचे साडेसहाशे तू तोंड फुगवून भरलेस. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिला नाहीस तो त्याच रागात, हे मला तेव्हाही कळत होतं. (जिलब्या मात्र मोजून अकरा खाल्ल्यास.)

तर त्या दबलेल्या जागी काहीही नाही. रंग शाबूत, जोडातला मसाला शाबूत, गंजाचा ठिपका नाही.

मग चहाच्या किटलीने पन्हळीत पाणी सोडलं. डाव्या बाजूचं पुढून-मागून दोन्हीकडे पडलं. उजव्या बाजूचं मागे गेलं आणि तिथेच तुंबलं. बोट घातलं तर दगड. एमसील! 98 च्या जूनमध्ये आईच्या नव्या लुगड्यावर, मागच्या दारातून उतरताना, त्या तोंडातून पाणी पडलं होतं. ती दिवसभर बोलली. संध्याकाळी मी तोंड लिंपून टाकलं. मीच, माझ्या हाताने. अजून नखाची खूण आहे.

आमचं अंगण तुला माहीत आहे, गाडी नेहमी नाक वर करून उभी. पाणी मागे जायचं, तिथे तळं साचायचं, जोडातून टपाच्या कापडावर उतरायचं. आणि घाट उतरताना ब्रेक मारला की ते सगळं कापडावरून पुढे. म्हणून धार माझ्या मानेवर, तुझ्या खड्ड्याच्या बरोब्बर खाली.

विसरलो होतो, असं लिहिणार होतो. पण 2019 ला पासिंगच्या आधी धुताना ते बूच दिसलं होतं मला. पाहिलं आणि फडकं पुढे नेलं. तेव्हा सहाशेत पासिंग झालं, त्याचा आनंद करत बसलो. गेल्या वर्षी त्याचेच पाच हजार मोजले, तेव्हाही बघितलं नाही.

बूच छिन्नीने फोडलं. खाली रुपयाएवढं भोक. वेल्डिंगवाला पोरगा म्हणाला, "काका, एवढ्यासाठी अख्खा टप बदला." मी त्याला पाणी पाजून परत पाठवला आणि आळीतल्या म्हाताऱ्याकडून पत्र्याचं ठिगळ मारून घेतलं. बाकी सगळं मी केलं: तारेचा ब्रश, ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, गंज मारायचं ते आम्लाचं पाणी, वाळल्यावर रेड ऑक्साइड. जोडात या वेळी गाडीचाच सीलर भरला. दुकानदार बाथरूमचं सिलिकॉन गळ्यात मारत होता. त्याला शिरक्यासारखा वास येतो ना, तेच पत्र्याला खातं, शिवाय वर रंग धरत नाही. हे मला आता ठाऊक आहे. 98 ला सिलिकॉन ठाऊक असतं तर एमसीलऐवजी तेच लावलं असतं म्हणा.

पट्टी उन्हात तापवून पुढून मागे तळहाताने दाबत बसवली. हुकांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. काल किटली पुन्हा ओतली, मागून छान धार पडली. पुढच्या वेळी हिच्या साडीवर पडेल.

आता खरी काळजी अशी, की फळी तीसेक किलोची, कड्या डिकीत जातील, पण ठिगळाच्या बाजूचा हुक मला आवळवत नाहीये. पाना लावतो, अर्धा फेरा होतो आणि हात थांबतो. ढिला राहिला तर घाटात फळी सरकेल, जास्त झाला तर तुझं काम मी पुरं केलं असं होईल. तीन दिवस तो हुक तसाच लोंबतोय.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिनूचं ठरलं असं ताईकडून कळलं, तुझ्याकडून नाही, पण मी कुठल्या तोंडाने बोलू? अभिनंदन. मुलगा बडोद्याचाच का?

मृगाच्या आत निघायचं आहे. शनिवारी ये, रविवारी पहाटे निघू.

तुझा,
नंदू

ता. क. साडेसहाशे पाकिटात घातलेले नाहीत. हिशेब समोरासमोर करू, जिलब्या वजा करून. आणि येताना नळी आणू नकोस.