दांडिया बाजारच्या काकांना, चेनसाठी मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे सोड रे" करून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. पावागढहून भर पावसात आल्यापासून बाइकची चेन कटकट करत होती आणि एका गॅरेजवाल्याने खाली वाकूनही न बघता सांगून टाकलं की अख्खा चेन-स्प्रॉकेट सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं) बदला. तुम्ही मात्र आधी मांडी घालून बसलात, मागच्या स्प्रॉकेटवरची चेन दोन बोटांनी मागे ओढून बघितलीत, ती दातांवरून उचललीच जाईना, दातही झिजून वाकडे झालेले नव्हते. "चेनमध्ये अजून भरपूर जीव आहे, एक कडी आखडलीय फक्त," असं म्हणालात.

आणि मग काय शिकवलंत! गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचं, कारण गिअर टाकून चालू चेन पुसायला गेलेल्यांची बोटं जातात, हे तर तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. माझ्या हातातला तारेचा ब्रश काढून घेतलात, म्हणालात त्याने ओ-रिंग, म्हणजे कड्यांमधल्या बारीक रबरी रिंगा, फाटतात, आणि आत पिन-बुशमध्ये (कडीचा खिळा आणि त्यावरची नळी) कंपनीने भरलेलं ग्रीस एकदा गेलं की परत भरता येत नाही. पेट्रोलही नको, रबर खराब होतं. घासलेट आणि मऊ ब्रश, बस्स. ती आखडलेली कडी तुम्ही अंगठ्यांनी वाकवत राहिलात, प्लेटांच्या फटीतून गंजाचं लालसर पाणी निघालं आणि हळूहळू ती बाकीच्यांसारखी सुटी हलायला लागली, ते बघायला फार भारी वाटलं.

मग कोरडं पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल, तेही खालच्या चेनला आतल्या बाजूने, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जातं तेव्हा रोलरमधून जातं. जास्तीचं सकाळी पुसायचं, नाहीतर धूळ धरते आणि टायरवर उडतं. चेनला ढील किती ठेवायची ते स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर असतं हेही तुमच्यामुळेच कळलं.

गाडी आता एकदम शांत चालतेय काका. खर्च वाचला तो वेगळाच, पण तुम्ही अख्खी दुपार दिलीत आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत, त्याचे खरंच खूप खूप आभार. रविवारी समोरच्या बिल्डिंगमधली पोरंही गाड्या घेऊन येतायत, ऑइल आणि चिंध्या मी आणतो, घासलेट आहे का तेवढं बघून ठेवा.



तुमचा शेजारी