औषधाच्या बाटलीवर गटाचा आकडा ठळक छापा: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

कांद्यावर फुलकिडे दिसले की शेतकरी दुकानात जातो आणि म्हणतो, "मागचं औषध लागू पडलं नाही, दुसरं द्या." दुसरं मिळतं. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिनऐवजी सायपरमेथ्रिन, नंतर डेल्टामेथ्रिन. शेतकऱ्याला वाटतं, औषध बदललं. पण ही तिन्ही किडीच्या चेतासंस्थेवर एकाच ठिकाणी मारा करतात. कीटकनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिघांचा गट एकच, '३ए'.

ही कीड तशीही सहज हाती लागत नाही. अंडी पातीच्या आत, पिल्लं पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पातीच्या बेचक्यात, कोष मातीत. फवारा पोचणार कुठे? त्यात पात मेणचट, स्टिकर, म्हणजे द्रावण पातीला चिकटवून ठेवणारा पदार्थ, मिसळला नसेल तर द्रावण ओघळून जातं. शिवाय बहुतेक ठिकाणी मादी नराशिवायच वंश वाढवते आणि लेकी थेट आईच्या वळणावर जातात. औषधाला न जुमानणारी एक मादी वाचली, की पुढची सगळी फौज तशीच. उष्ण, कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. मग शेतकरी मात्रा वाढवतो, दोन औषधं एकत्र करतो. किड्यांनी खरवडलेल्या पातीवर जांभळा करपा हा बुरशीचा रोग आणखी जोर धरतो आणि बुरशीनाशकाचा खर्च वेगळाच.

म्हणून मागणी एकच आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या बाटलीवर, व्यापारी नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, गट छापणं सक्तीचं करा. ऑस्ट्रेलियात तो लेबलवर छापावाच लागतो. शेतकऱ्याला रसायनशास्त्र शिकायची गरज नाही; मागे '३ए' मारलं होतं, आता '५' हवं, एवढं त्याला दुकानात उभ्या उभ्या कळलं पाहिजे. स्पिनोसॅड त्या ५ व्या गटातलं. बुरशीनाशकांचे गट वेगळे असतात, त्यांनाही हाच नियम लावा.

कंपन्या म्हणतील, माहितीपत्रकात सगळं दिलेलं असतं. ते पत्रक भिंगाशिवाय वाचून दाखवावं, मग बोलू.

आपल्या खात्याच्या सल्ल्यांतही थोडा बदल हवा. त्यात औषधांची यादी आधी येते आणि पोंगा उघडून किडे मोजा, बांधाला मक्याच्या दोन ओळी लावा, तुषार सिंचनाने पातीवरचे किडे धुवून काढा, हे शेवटी, आलंच तर. क्रम उलटा करा. आणि औषध सांगाल तिथे नावापुढे गट लिहा. त्याला तर कायदा बदलावा लागत नाही, पुढच्या सल्ल्यापासूनच सुरू करता येईल.

आपला,
एक कांदा उत्पादक