मदतनिसाचा खाडा कोण भरून काढणार?

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांना साहित्य वाटल्याचे फोटो आपल्या अंकात वरचेवर येतात. तीनचाकी सायकल, कुबड्या, शेजारी हार घातलेले पाहुणे. चांगलंच आहे. पण त्या सायकलवर मला उचलून बसवणार कोण?

मणक्याला मार बसल्याने माझं कमरेखालचं अंग लुळं आहे. अशोक चौकाजवळ आईबरोबर राहते, घरबसल्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करते. कॅथेटर (लघवीची नळी), अंघोळ, पलंगावरून खुर्चीत बसवणं, सगळं मदतनीस पुरवणाऱ्या खाजगी ब्युरोकडून येणाऱ्या बाईंच्या हाती. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ते आई करते. तिची सत्तरी उलटली. बाईंचा खाडा झाला की ब्युरोचा फोन लागत नाही. लागलाच तर "बदली बघतो मॅडम". नळाला पाणी कधी येणार, याचा तरी सोलापुरात अंदाज बांधता येतो! मे महिन्यातल्या अशाच एका खाड्यात मी पत्र्याखाली दुपारपर्यंत ओल्या चादरीवर पडून होते. माकडहाडाशी जखम झाली. तिथे संवेदना नाही, त्यामुळे मला पत्ता नाही. चादरीवरचा डाग आईने पाहिला. ती जखम भरायला दिवाळी आली.

बाईंना मी बोल लावणार नाही. विड्या वळून भागेना म्हणून त्या या कामात आल्या. मी देते त्यातले जवळजवळ निम्मे ब्युरो कापतो, पगारी रजा नाही. तापाने फणफणल्या तरी यायचं का त्यांनी?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मी मुळातून वाचला. कलम 5 मध्ये घरी मिळणाऱ्या सेवा आणि मदतनीस यांचा उल्लेख आहे, मात्र सरकार त्यासाठी 'प्रयत्न करील' एवढंच. कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांना काळजीवाहक भत्ता आहे. तिथेही 'आर्थिक क्षमतेनुसार' ही पळवाट आहेच. असा आधार हवा म्हणून कलम 38 खाली अर्ज करता येतो, मग मंडळाने गरज तपासायची. त्याची चौकशी केली तर खिडकीतून उत्तर आलं, "निराधारचं ना? ते तहसीलला." माझ्या यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) अपंगत्वाची टक्केवारी आहे. दिवसाला किती तास माणूस लागतो, हे मात्र कुणी विचारलेलं नाही.

महापालिकेला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. त्यातून प्रशिक्षित मदतनीस नेमावेत, बदलीच्या बायकांसकट, रजा आणि पूर्ण मजुरी देऊन. ब्युरोंची नोंदणी सक्तीची करावी. आणि सकाळी सातला कुणीतरी उचलेल असा एक फोन नंबर द्यावा.

माझी तक्रार मी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवली आहे. माझ्यासारखी अडचण असणाऱ्यांनीही तोंडी विचारपूस करत न बसता कलम 38 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची शिक्क्यासह पोच घ्यावी.

— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर