आईला कुणी चालायला सांगितलंच नाही

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोन ठेवल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. फोनवर आई "काही नाही गं, जरा घसरले" म्हणते, बाबा "आता पूर्ण आराम" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पत्रात मला कुणी मधे थांबवणार नाही.

आई, तू पहाटे पाचला बाथरूममध्ये पडलीस. आतून कडी, आणि बाबांचं कानातलं मशीन उशाशी. अर्धा तास तू ओल्या लादीवर होतीस. शेवटी समोरच्यांच्या मुलाने कडी उचकटली. मला हे चौथ्या दिवशी कळलं. मला घोर नको म्हणून लपवलंत, हे समजतं. पण पडणं लपवू नका. एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, दुखण्याची गोळी दिली, "वयामुळे होतं" म्हणाले आणि घरी पाठवलं. त्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही, कॅज्युअल्टीत कशी झुंबड असते ते रोज बघते. पण बाबांनी सांगितलेलं सगळं पुन्हा आठवून पाहिलं. स्ट्रेचरवरून व्हीलचेअर, व्हीलचेअरवरून रिक्षा, आणि नौपाड्याचे आपले तीन मजले खुर्चीत बसवून वर. लादीवरून उचलल्यापासून थेट घरच्या पलंगापर्यंत आईचं पाऊल जमिनीला लागलंच नाही. ती चालू शकते का, हे कुणी पाहिलंच नाही.

आणि इकडे अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून माझी नोकरी नेमकी तीच आहे. इमर्जन्सीत पडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांचं हाड शाबूत आहे असं कळलं की डॉक्टर मला बोलावतात. मी आधी विचारते: पडलात तेव्हा काय करत होतात, चक्कर आली की पाय अडकला, आपले आपण उठलात का, घरी जिने किती, रात्री किती वेळा उठता. मग झोपून बीपी घेते, उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेते. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर माणूस उठल्या उठल्या का कोसळतो ते तिथेच कळतं. मग त्यांना चालवते.

गेल्या आठवड्यात एक आजी आल्या होत्या. सगळे रिपोर्ट नीट, मुलगा कोट घालून निघायच्या तयारीत. मी म्हटलं, दारापर्यंत चालून दाखवा. सरळ चालल्या. वळताना मात्र पाय जागच्या जागी सात-आठ वेळा घासले आणि हात भिंत शोधायला लागला. त्या घरीसुद्धा वळतानाच पडल्या होत्या. वॉकर मापाने बसवला, वळायला शिकवलं, घरी फिजिओ येईल अशी सोय केली, मगच सोडलं. ऱ्होड आयलंडमध्ये पडून इमर्जन्सीत आलेल्या ११० वृद्धांवर असा प्रयोग झाला आहे. त्यातल्या अर्ध्या लोकांना तिथेच फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट भेटले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं पुन्हा इमर्जन्सीत येणं जवळजवळ निम्म्यावर आलं. प्रयोग लहान होता, पण मी जे रोज बघते त्याच्याशी तो जुळतो.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही आईला पलंगावरून फारसं उतरू देत नाही, ते प्रेमापोटी. पण या वयात पडून राहिलं की मांडीतली ताकद काही दिवसांतच ओसरते. मग पाय लटपटतात, भीती वाटते, माणूस आणखी हलत नाही आणि पुन्हा पडतो. आईचं सोमवारचं कौपिनेश्वर बंद झालं, जांभळी नाक्याची भाजी बंद झाली. तिला घरात बसवून तुम्ही तिला जपत नाही आहात, हे मला स्पष्ट लिहावंच लागतंय. मात्र जांघेत कळ येत असेल किंवा उजव्या पायावर भार टाकवत नसेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. खुब्याची बारीक चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसत नाही. त्यांनी हरकत नाही म्हटलं की घरी येणारी फिजिओ लावा. पैशांचा विचार करू नका. आणि आईच्या झोपेच्या गोळीने तोल जातो का, तेही त्यांनाच विचारा, गोळी मनाने बंद करू नका.

रविवारी व्हिडिओवर आई आजोबांची काठी घेऊन चालताना दिसली आणि मला गलबलून आलं. पण आई, काठी चुकीच्या हातात आहे. खुबा उजवा दुखतोय ना, मग काठी डाव्या हातात. उजव्या पायाबरोबर काठी पुढे जाऊ दे. शिवाय आजोबा उंच होते, त्या काठीने तुझा खांदा वर चढतोय. चपला घालून सरळ उभी राहा, हात सैल सोड. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ हवी. बाबा, सुताराकडून खालून कापून घ्या आणि नवं रबरी बूच बसवा. आजोबांना वाईट वाटणार नाही.

बाथरूमची कडी काढून टाका. दाराशी जुन्या साडीचं पायपुसणं आहे, तेही. कमोडजवळ भिंतीत दांडी ठोकून घ्या.

डॉक्टरांनी होकार दिला की येत्या रविवारी माझ्यासमोर एक करायचं आहे. हॉलमध्ये हातांची खुर्ची ठेवा आणि तिच्यापासून तीन मीटरवर, बहुतेक टीव्हीच्या अलीकडे, रांगोळीची रेघ ओढा. आई उठेल, रेघेपर्यंत काठी घेऊन चालेल, वळून परत येऊन बसेल. बाबा शेजारून चालतील, सेकंद मी मोजीन. बारा किंवा जास्त लागले तर तोल सांभाळायचे व्यायाम लगेच सुरू करायचे. आईचं झालं की बाबा, तुम्हीही चालायचंय. कानातलं मशीन लावून बसा, म्हणजे मी "उठा" म्हटलेलं ऐकू येईल.

तुमची,
धाकटी