पुढच्या पुस्तकासाठी लेखकाला सवड हवी

महोदय,

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून भाषेसाठी काय काय करावे याच्या याद्या बऱ्याच झाल्या. मात्र ज्याची दोन-तीन पुस्तके प्रसिद्ध झाली आहेत आणि पुढच्या पुस्तकाचे हस्तलिखित अर्ध्यावर अडले आहे, अशा लेखकाला ते पुरे करण्यासाठी वर्षभराची आर्थिक निश्चिंती मिळावी, ही मागणी त्यांत ठळकपणे कोठे दिसत नाही.

सध्याची मदत कोठे पोहोचते ते पाहावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना नवोदितांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला हातभार लावते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या तरुण लेखकांसाठीच्या योजनेत दरमहा ५० हजार रुपये सहा महिने मिळतात, पण ती तिशीच्या आतल्यांसाठी आहे. दुसऱ्या टोकाला राज्य वाङ्मय पुरस्कार आहेत आणि ते अर्थातच पुस्तक छापून झाल्यावर मिळतात. म्हणजे मदत पहिल्या पुस्तकाला आहे आणि तयार पुस्तकालाही आहे. ज्या मधल्या काळात लेखकाला खरोखर बसून लिहायचे असते, तो काळ मात्र त्याने स्वतःच्या खिशातून काढायचा असतो.

हा खिसा केवढा असतो, याचा साधा हिशेब मांडता येतो. चारशे रुपये किमतीच्या पुस्तकाच्या हजार प्रती निघाल्या, त्या सगळ्या खपल्या आणि दहा टक्के मानधन वेळेवर मिळाले, तर लेखकाच्या हाती चाळीस हजार रुपये येतात. अनेक पुस्तकांची आवृत्ती आता पाचशे प्रतींचीच असते, आणि ‘वेळेवर’ या शब्दावर मी येथे काही बोलत नाही. त्यामुळे आपला लेखक शिक्षक, बँक कर्मचारी, पत्रकार किंवा शेतकरी असतो आणि उरलेल्या वेळात लेखक असतो. कविता, कथा किंवा स्तंभ या उरलेल्या वेळात जमतात. चार जिल्ह्यांतली दप्तरे चाळून, माणसांना भेटून लिहायचा सामाजिक इतिहास, चरित्र किंवा मोठ्या पटाची कादंबरी त्यात जमणे फार अवघड असते, आणि अशीच हस्तलिखिते वर्षानुवर्षे कपाटात राहतात.

प्रस्थापित लेखकाला अशी सवड देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. विजय तेंडुलकरांना १९७३-७४ मध्ये नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली, तेव्हा ते नाटककार म्हणून देशभर गाजलेले होते. समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास हा त्यांचा विषय होता आणि त्यासाठी ते देशभर हिंडले. ब्रिटनमध्ये ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ ही लेखकांचीच संघटना चालू लेखनासाठी अनुदाने देते.

माझी सूचना अशी आहे. किमान दोन पुस्तके प्रसिद्ध झालेल्या वीस लेखकांना दरवर्षी, लिहून झालेली प्रकरणे आणि उरलेल्या कामाचा आराखडा पाहून, दरमहा तीस हजार रुपये बारा महिने द्यावेत. वयाची अट नसावी. हा खर्च वर्षाला ७२ लाख होतो. अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या तीन-चार दिवसांसाठी शासनाने जे अनुदान दोन कोटींवर नेले, त्याच्या तुलनेत तो थोडाच आहे. संमेलनाला माझा विरोध नाही, पण तेथील ग्रंथप्रदर्शनात मांडायला पुस्तके आधी लिहून व्हावी लागतात. नोकरदार लेखकाला या वर्षासाठी रजा आणि परतल्यावर तीच जागा मिळण्याची हमी हवी, नाहीतर रक्कम मंजूर होऊनही घेता येणार नाही. शेती किंवा घर सांभाळणाऱ्या लेखिकेला रजा कोण देणार? तिला ही रक्कम बदली माणूस ठेवण्यासाठी वापरता यावी आणि त्याच्या पावत्या मागू नयेत.

निवड कोणी करायची, हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये एका अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने काही दिवसांतच रद्द केला आणि त्याच्या निषेधार्थ काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांवरील पदे सोडली. पुरस्कार रद्द झाला तरी पुस्तक वाचकांच्या हाती उरते. अभ्यासवृत्ती मध्येच थांबली, तर पुस्तकच होणार नाही. म्हणून शासनाने एकरकमी निधी देऊन बाजूला व्हावे, त्याच्या व्याजावर स्वतंत्र विश्वस्त संस्थेने ही योजना चालवावी, आणि एकदा दिलेली वृत्ती मजकुराच्या कारणावरून काढून घेता येणार नाही, असे तिच्या घटनेतच लिहिलेले असावे. वर्षाअखेर हस्तलिखित पुरे झाले नाही, तर लेखकाने झालेल्या कामाचा अहवाल द्यावा, एवढे पुरे. वसुलीची नोटीस पाठवण्याची तरतूद ठेवली, तर अर्ज फक्त सोप्या पुस्तकांचेच येतील.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने पुढील संमेलनाच्या ठरावांत ही मागणी आकड्यांसह घ्यावी आणि अर्थसंकल्पापूर्वी तिचा पाठपुरावा करावा, अशी माझी विनंती आहे.

– एक मुद्रितशोधक, पुणे