कोटेशनवर सही करण्याआधी

सातारा, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास. मी परत लावला नाही. बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो. लिहिलेलं तू निदान शेवटपर्यंत वाचतेस. शनिवारी तू नव्या मोटरसायकलचे पैसे शोरूमला भरायला जाणार, त्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवते आहे.

आधीच सांगते, हायवेचा विषय मी काढणार नाही. पगार तुझा, गाडी तुझी, आणि घ्यायची ठरली ती ठरली. बाबांनीही मला तसं बजावलंय. मी फक्त कोटेशनबद्दल, शोरूमने दिलेल्या त्या खर्चाच्या कागदाबद्दल, लिहिणार आहे.

"सगळेच देतात गं आई, पाच-दहा हजारांसाठी कुठे वाद घालत बसू" असं तू म्हणालीस. मनू, पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर माझ्यासमोर रोज हेच कागद असतात. कर्ज मंजूर करताना आम्ही कोटेशन बघतो. मग गाडी आली की टॅक्स इन्व्हॉइस, विम्याची पॉलिसी आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, फाइलला लागते. हे चारही कागद शेजारी शेजारी ठेवून बेरीज केली की पैसे कुठे गेले ते दिसतं, किंवा कुठे गेले ते दिसत नाही. मध्यंतरी परळी खोऱ्यातले एक आजोबा नातवाच्या गाडीचे कागद घेऊन आले होते. कोटेशन आणि बाकीच्या कागदांची बेरीज यात बारा-तेरा हजारांचा फरक. मी विचारलं तर म्हणाले, "ते हँडलिंगचं असतंय म्हणं, मॅडम." पावती? पावती नव्हती. क्यूआर कोडवर पैसे टाकले होते, आणि खाली नाव शोरूमचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. त्यांनी ते पैसे दूध घालून साठवले होते गं. ते मी विसरू शकत नाही, म्हणून काल तुझ्यावर ओरडले.

तुझ्या कोटेशनवरही ती ओळ आहे. "हँडलिंग अँड लॉजिस्टिक, १,५००." सरकारच्या कुठल्याही फीच्या तक्त्यात असलं काही नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीत, आलेलाच असतो. आणि आरटीओची धावपळ म्हणशील, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो, कायद्यानेच. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी हातात द्यायचीही नाही. जे काम त्याचं आहे त्याचे तू वेगळे पैसे का द्यायचे?

आता "आरटीओ, १८,५००" ही ओळ बघ. इथे सगळ्यांची नजर चुकते, कारण सरकारी म्हटलं की कुणी विचारत नाही. आपल्याकडे तुझ्या सीसीच्या गाडीला एकरकमी कर ११ टक्के. एक लाख वीस हजारांच्या एक्स-शोरूम किमतीवर झाले १३,२००. नोंदणी फी ३००, स्मार्ट कार्ड २००, कर्जाचा बोजा चढवायचे ५००. वरचा किरकोळ उपकर आणि टपाल धरलं तरी पंधरा हजारांच्या आत बसतं. मग वरचे साडेतीन हजार कशाचे, ते त्यांना कागदावर लिहून मागायचे. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, तेवढा माझ्यापेक्षा तुझा स्वभाव बरा आहे. "याचं ब्रेकअप द्या, आणि नंतर आरटीओची पावती द्या" एवढंच म्हणायचं. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले तर तेही विचार. १ एप्रिल २०१९ पासून ती प्लेट कंपनीनेच गाडीबरोबर द्यायची असते.

विमा १३,८००. यातला थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, भाग कमी होणार नाही. पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने, १ सप्टेंबर २०१८ पासून. दीडशे ते साडेतीनशे सीसीला ७,३६५ आणि त्यावर जीएसटी. तो कुठल्याही कंपनीकडे तेवढाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तो एक वर्षाचा असतो, तिथे प्रत्येक कंपनीची सूट वेगळी, आणि शोरूमवाले बहुतेक वेळा ती सूट गाळूनच आकडा लिहितात. विमा आमच्याकडूनच घ्या असं ते म्हणू शकत नाहीत. "मग कॅशलेस होणार नाही" म्हणतील. कॅशलेस हे विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीवर असतं, ती यादी आधी बघून ठेव.

त्यात मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आहे. ती ओळ काढायला मी सांगणार नाही. तिच्यावर मला काही लिहायचंही नाही. फक्त एवढं सांग, चाकणहून रात्रपाळी सुटल्यावर तू त्या तळेगाव रस्त्याने येणार का कंपनीच्या बसने? बस आहे ना अजून? कंटेनरच्या मागे मागे... राहू दे. मी काढणार नाही म्हटलं होतं.

"अ‍ॅक्सेसरीज किट, कंपल्सरी, ४,८५०." कंपल्सरी हा शब्द त्यांनी छापूनच घेतलाय. लेग गार्ड, सीट कव्हर, ग्रिप कव्हर, टाकीचं कव्हर आणि साडी गार्ड. एक वस्तू विकताना दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. लेग गार्ड तुला हवा असेल तर घे, मला तर हवाच आहे. पण सीट कव्हर बाहेर दोनशे-तीनशेत मिळतं. आणि साडी गार्ड, मागच्याने धरायचा दांडा, पाय ठेवायची जागा, हे सगळं केंद्रीय मोटार वाहन नियमातच आहे. त्याशिवाय दुचाकी विकायचीच नाही. जे गाडीचाच भाग आहे ते अ‍ॅक्सेसरी म्हणून कसं विकतात?

हा नियम मला तोंडपाठ आहे तो आत्यामुळे. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा तो व्रण तू लहानपणी बोट फिरवून बघायचीस आणि ती हसून "मांजराने ओरबाडलं" म्हणायची. वाईच्या जत्रेहून येताना काकांच्या मागे बसली होती, पदर चाकात गेला. साडी इरकली होती, लग्नातली. काकांना कळलं तेव्हा गाडी दहा-पंधरा फूट पुढे गेली होती. त्या गाडीला जाळी नव्हती, काढून ठेवली होती, दिसायला बरी दिसत नाही म्हणून. मी तेव्हा नवीन नवरी, दवाखान्यात तिच्या केसांतली खडी मीच काढली. तू साडी नेसून मागे बसणार नाहीस हे मला माहीत आहे. पण ओढणी? पावसाळ्यात तो लांब रेनकोट? जाळी काढू नकोस. आणि तिचे पैसेही देऊ नकोस.

हेल्मेटही तसंच. दुचाकी विकताना आयएसआय मार्कचं हेल्मेट द्यायचं हे नियमातच आहे, इथे १,२०० लावलेत. ते पैसे काढायला सांग. पण त्यांनी फुकट दिलेलं हेल्मेट घालून फिरू नकोस, चांगलं, डोक्याच्या मापाचं, तू स्वतः निवडून घे, त्याचे पैसे मी देते. यावर वाद नको.

टेफ्लॉन कोटिंग १,५००, नको. रोडसाइड असिस्टन्स ९००, तो विम्यात आधीच धरलाय का बघ, दोनदा नको. वाढीव वॉरंटी १,८००, ती वाईट नाही, घ्यायची तर घे, पण शनिवारीच घेतली पाहिजे असं नाही, नंतरही मिळते. या सगळ्या ओळी मिळून किती होतात बघितलंस? २२ सप्टेंबर २०२५पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८चा १८ झाला. तुझ्या गाडीत त्याने दहा हजारांच्या आसपास वाचले. म्हणजे जे सरकारने सोडलं तेवढंच, थोडं जास्तच, या खालच्या बारीक ओळींतून परत जातंय. तुझे रात्रपाळीचे तीन आठवडे आहेत ते.

लेक्चर झालं, माहीत आहे. तू दिवसभर मशिनवर उभी असतेस, आणि इथे आई हिशेब शिकवते. चुकलं असेल तर सोडून दे. पण एक राहिलं. शोरूममध्येच जो फायनान्सवाला बसतो, तो "सात टक्के" म्हणाला ना तुला? ते फ्लॅट आहेत, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर. तीन वर्षांच्या हप्त्यांत, घटत्या शिलकीवर धरलं तर ते तेराच्या जवळ जातात. तुझ्या पगाराच्या बँकेचा दर आणि प्रोसेसिंग फी विचारून मग ठरव. आमच्या संस्थेतून घे असं मी म्हणत नाहीये, लोक उगीच बोलतील. आणि कर्ज फिटलं की एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन फॉर्म ३५ने बोजा उतरवून घ्यायचा, हे लोक विसरतातच.

आप्पांनी, तुझ्या आजोबांनी, बजाजच्या चेतक स्कूटरला नंबर लावला होता ते तुला सांगितलंय का? तेव्हा कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, आणि लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. नंबर लागलेला माणूस शोरूमच्या बाहेरच "ऑन", म्हणजे वरचे पैसे, घेऊन गाडी विकून मोकळा व्हायचा. आप्पांनाही एकाने देऊ केले होते, शिक्षकाच्या कितीतरी महिन्यांच्या पगाराएवढे. त्यांनी घेतले नाहीत आणि स्वतःही कधी कुणाला वरचे दिले नाहीत. ग्राहक पंचायतीच्या बैठकांना जायचे ते, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केली ती. गॅसची टाकी आली की काटा लावून वजन केल्याशिवाय आत घेऊ द्यायचे नाहीत, आणि मला, सुनेला, दारात उभं राहायला लाज वाटायची. आता वाटत नाही. तेव्हा गाड्या कमी आणि माणसं रांगेत होती. आज शोरूमच्या अंगणात गाड्या ऊन खात उभ्या आहेत. तू उठून पिंपरीच्या दुसऱ्या डीलरकडे जाऊ शकतेस, आणि हे शोरूममधल्या त्या विक्रीवाल्या पोरालाही माहीत आहे.

त्या पोरावरून आठवलं. "मॅडम, सोबत कोणी जेंट्स नाहीत का? आणि स्कूटर बघितली का?" असं त्याने विचारल्याचं तू हसत सांगितलंस. मी हसले नाही. डिप्लोमाला वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या तेव्हाही असंच कुणीतरी विचारलं होतं तुला. तू काही बोलली नाहीस, पहिली आलीस. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, आमची मनू मोटरसायकल घेतेय, स्वतःच्या पैशांनी. शिपाईकाकांनी पेढे मागितलेत. बाबांना साताऱ्याची एमएच-११ हवी होती, पण आता "एमएच-१४ तर १४" म्हणत तुझ्या गाडीचा फोटो भाऊकाकांना दाखवून आले. त्यामुळे मामाला सोबत ने असं मी सांगणार नाही. तू एकटीच जा.

पैसे शोरूमच्या खात्यावरच भर, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही, आणि प्रत्येक रकमेची पावती घे. पाडव्याला गाडी दारात हवी तर नोंदणी त्याआधी व्हायला हवी. "मॅडम, आज नाही भरलं तर पाडवा हुकेल" असं ते म्हणतीलच. हुकला तर हुकू दे. अक्षय्य तृतीया आहे की. नाहीच ऐकलं त्यांनी, तर १९१५ला फोन लाव, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे ती. नुसतं तो नंबर माहीत आहे असं दिसलं तरी पुष्कळ ओळी गळतात, हे मी बघितलंय.

आणि पहिल्यांदा साताऱ्याला येशील ती एसटीने ये. तिकीटही अर्धंच आहे तुला. येताना खंबाटकीचा घाट, परत जाताना बोगदा. बाबांचं तिथलं तुला माहीत आहे, आणि ते तर चांगले चालवणारे होते. तू वाईट चालवतेस असं मी म्हणत नाही. ट्रकवाला कसा चालवेल ते तुझ्या हातात नसतं, एवढंच. दोन-तीन महिने पुण्यातल्या पुण्यात चालव, हात बसू दे. मग भाऊकाकांची गाडी पुढे आणि तू मागे, असं एकदा या. बघ, शेवटी काढलाच विषय. माफ कर, पण खोडत नाही.

शनिवारी सही करण्याआधी नव्या कोटेशनचा फोटो पाठव. माझी जेवणाची सुट्टी दीड ते दोन असते, पण तू कधीही कर, मी टेबलावरून उठून बाहेर येईन.

तुझी,
आई

ता. क. गाडी अलॉट झाली की चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लगेच कळव. त्याशिवाय बाहेरचा विमावाला पॉलिसी काढून देत नाही, आणि आमच्याकडे येणारे विम्याचे काका बुधवारनंतर गावाला जाणार आहेत.